पंच आधी पायांनी पाहतो

"लागला!" "नाही लागला!" हा वाद झाला नाही, असं खो-खोचं मैदान महाराष्ट्रातल्या शाळांत शोधून सापडणार नाही. धावणारी मुलगी शपथेवर सांगते की पाठीला हात लागलाच नाही. पाठलाग करणारी तितक्याच ठामपणे सांगते की बोटं टेकली. बघता बघता बाजूला उभ्या असलेल्या मुलांतही दोन तट पडतात, आणि गंमत म्हणजे त्यातलं कुणीच खोटं बोलत नसतं. एका बाजूच्या मुलांना स्पर्श दिसलेला असतो, दुसऱ्या बाजूच्या मुलांना मधली मोकळी जागा दिसलेली असते.

डोळ्यांदेखत घडलेल्या एका घटनेची दोन खरी उत्तरं कशी निघतात? हे कोडं सुटलं की मुलांना पंचगिरी कशी शिकवायची, हेही पुष्कळसं सुटतं. आपल्याकडे बहुतेकदा सर किंवा बाईच शिट्टी घेऊन उभ्या राहतात. त्या नसल्या तर ज्याचा पाय मुरगळला आहे त्याच्या हाती शिट्टी जाते. जणू पंच होणं म्हणजे खेळायला न मिळाल्याची भरपाई. खरं तर पंचगिरी हे पळण्याइतकंच शिकण्याजोगं कौशल्य आहे, आणि सहावी-सातवीतलं कुठलंही मूल ते शिकू शकतं. त्यासाठी न्यायबुद्धी लागतेच, पण ती वापरायच्या आधी नीट दिसावं लागतं.

चार प्रश्नांचा खेळ

खेळ सगळ्यांच्या ओळखीचा आहे, तरी एकदा पंचाच्या बाजूने पाहू. मैदानाच्या मधोमध सुमारे ३० सेंटिमीटर रुंदीची मध्यपाटी असते आणि तिच्या दोन्ही टोकांना एकेक खांब. पाटीवरच्या आठ चौकोनांत आठ जण आळीपाळीने उलटसुलट तोंडं करून बसतात, नववा पाठलाग करतो. धावणारे तीन-तीनच्या तुकडीने आत येतात. त्यांना मध्यपाटी कुठूनही ओलांडता येते, पाठलाग करणाऱ्याला येत नाही. त्याने एकदा दिशा घेतली की खांबापलीकडच्या मुक्त क्षेत्रात पोचेपर्यंत मागे वळायचं नाही. गडी पाटीच्या पलीकडे निसटला, तर त्या बाजूला तोंड करून बसलेल्या साथीदाराला मागून हात लावून मोठ्याने 'खो' म्हणायचं आणि त्याच्या जागी लगेच बसायचं.

हे नियम पहिल्यांदा नीट बांधले गेले ते पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली. पुढे त्यांत पुष्कळ भर पडली, काटछाट झाली. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत या खेळाचा पहिला विश्वचषक झाला आणि पुरुष व महिला दोन्ही गटांत भारत जिंकला. पण दिल्लीतला पंच असो की गावच्या शाळेतला, त्याच्यापुढे दर क्षणी हेच चार प्रश्न असतात. गड्याला स्पर्श झाला का? पाठलाग करणाऱ्याचा पाय पाटीवर पडला का? त्याने दिशा मोडली का? खो नीट दिला का? या चारही प्रश्नांसाठी पाहण्याची रीत वेगवेगळी आहे आणि मुलांना शिकवायची ती हीच.

फट जिथून दिसेल तिथे

वर्गात एक प्रयोग करून घ्यावा. दोन्ही हातांच्या तर्जनी डोळ्यांसमोर एकामागे एक धराव्यात आणि त्यांच्यात चार बोटं अंतर ठेवावं. एक डोळा मिटून पाहिलं तर पुढचं बोट मागच्याला टेकल्यासारखं दिसतं. आता बोटं तशीच ठेवून शेजारच्या मुलाने बाजूने पाहावं. त्याला मधलं अंतर स्वच्छ दिसतं.

लागला-नाही लागला या वादाचं मूळ इथेच आहे. हात आणि पाठ यांच्यातली फट आपल्या नजरेच्या रेषेतच आली, तर ती दिसत नाही. नजर तिला आडवी गेली, म्हणजे बाजूने काटकोनात पडली, तर फट वीतभर असो की बोटभर, कळते. पाठलाग करणाऱ्याच्या पाठीमागून पाहणाऱ्या मुलांना म्हणूनच जवळजवळ प्रत्येक वेळी 'लागला' असं वाटतं, आणि बाजूने पाहणाऱ्यांना खरं काय ते दिसतं.

यातून पंचाचा पहिला धडा निघतो: फट जिथून दिसेल तिथे उभं राहायचं. पाठलाग मैदानाच्या लांबीच्या दिशेने चालला असेल तर पंचाने बाजूच्या रेषेबाहेरून, पाठलाग करणाऱ्याच्या बरोबरीने धावावं. मागे पडला की त्याची नजर फटीच्या रेषेत जाते. धावणारा थेट पंचाच्या दिशेने, बाजूच्या रेषेकडे निघाला तर उलट होतं. आता पाठलाग करणाऱ्याचा हात पंचाच्या नजरेच्या रेषेत आला. अशा वेळी जागेवर उभं राहून डोळे ताणण्यात अर्थ नाही, दोन-तीन पावलं झटकन बाजूला सरकलं की कोन मिळतो. खांबाला धरून सूर मारला जातो तेव्हाही तेच. खेळ खांबाकडे झुकतोय असं दिसताच पंचाने आधीच त्या टोकाकडे सरकायला हवं.

पाय पाटीवर पडला का, हे पाहायला मात्र निराळा कोन लागतो. भाजीवाल्याच्या तराजूचा काटा तिरका पाहिला तर माप चुकीचं वाचलं जातं, तशी पाटीची कड जितकी दुरून आणि तिरकी पाहावी तितकी चूक वाढते. त्यात पळताना पाय हवेत असतो. उचललेला पाय आपल्यामागची जमीन झाकतो, त्यामुळे तो प्रत्यक्षात असतो त्याहून पलीकडे, थेट पाटीवर गेल्यासारखा भासतो. म्हणून मुलांना सांगावं की हवेतल्या पायावर निर्णय देऊ नका. पाय टेकतो त्या क्षणाची वाट पाहा आणि तो कुठे टेकला तेवढंच सांगा.

दोन पंच, दोन अर्धी मैदानं

एका माणसाला एकाच वेळी मैदानाच्या दोन्ही बाजूंना उभं राहता येत नाही. खो-खोत म्हणूनच दोन पंच असतात. मध्यपाटी ही त्यांच्यातली सीमा. प्रत्येकाने आपल्या अर्ध्या भागातले निर्णय द्यायचे आणि दुसऱ्याला त्याच्या भागात मदत करायची. दोघेही मैदानाभोवतीच्या दीड मीटरच्या मोकळ्या पट्टीबाहेर असतात, म्हणजे खेळाडूंच्या पायांत येत नाहीत. त्यांच्यावर सरपंच असतो. शिवाय वेळ पाहायला एक आणि गुण लिहायला एक.

मुलांच्या लक्षात ही वाटणी लवकर राहत नाही. पलीकडच्या भागात काही घडलं की अलीकडचा पंचही हात वर करतो आणि एका स्पर्शावर दोन निकाल लागतात. त्यावर उपाय साधा आहे. सामन्याआधी दोघा पंचांनी समोरासमोर उभं राहून "पाटीच्या अलीकडचं माझं, पलीकडचं तुझं" असं मोठ्याने म्हणून घ्यावं. मदत हवी असेल तर ज्याचा भाग त्याने नजरेने विचारावं आणि दुसऱ्याने मानेने उत्तर द्यावं. निकाल मात्र एकाच्याच तोंडून यावा.

तिसरा गडी बाद होतो तो क्षण तर फारच गोंधळाचा. नव्या तुकडीने दोन खो पडायच्या आत मैदानात यायचं असतं, उशीर झाला तर बाद. शिवाय ज्याने तिसरा गडी टिपला त्याला नव्या तुकडीमागे स्वतः धावता येत नाही, आधी खो द्यावा लागतो. म्हणजे एकाच वेळी खो मोजायचे आणि आत येणारे पायही पाहायचे. इथेही कामाची वाटणीच कामी येते. तुकडी ज्या बाजूने येते त्या बाजूच्या पंचाने तिच्याकडे पाहावं, दुसऱ्याने खो मोजावेत.

नखाएवढी नजर

हात पूर्ण लांब करून अंगठ्याच्या नखाकडे पाहावं. आपल्याला एका वेळी अगदी स्पष्ट दिसतं ते साधारण तेवढ्याच भागात. बाकीचं दृश्य धूसर असतं. मेंदू ते जुळवून घेतो म्हणून आपल्याला धूसरपणा जाणवत नाही. आणखी एक अडचण अशी की डोळा एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी मारतो, तेव्हा त्या निमिषापुरतं त्याला धड काही दिसत नाही.

म्हणून नवखा पंच चुकतो. तो धावणाऱ्याचे पाय पाहत असतो, मग हाताकडे वळतो, आणि नजर पोचेपर्यंत स्पर्श होऊन गेलेला असतो. अनुभवी पंच हाताचा पाठलाग करत नाही. हात जिथे पोचणार आहे तिथे, म्हणजे धावणाऱ्याच्या पाठीवर किंवा खांद्यावर, त्याची नजर आधीच जाऊन थांबलेली असते. मुलांना हे एका वाक्यात सांगता येतं: हाताच्या मागे जाऊ नका, हाताच्या आधी पोचा.

दिशा मोडली का, हे ठरवताना पायांपेक्षा खांदे उपयोगी पडतात. पाय हुलकावणीत इकडे तिकडे पडतात, खांदे मात्र धड कुठे वळलं ते सांगून टाकतात. पाठलाग करणारा घेतलेल्या दिशेपासून काटकोनापेक्षा जास्त वळला की तो फाऊल. आडवे हात पसरून एका मुलाला हळूहळू वळायला लावावं आणि बाकीच्यांनी "झाला!" म्हणून ओरडावं. दहा मिनिटांत सगळ्यांचे डोळे एका मापावर येतात.

खो पारखायला मात्र डोळा आणि कान दोन्ही लागतात. स्पर्श आणि उच्चार दोन्ही झाले तरच खो पूर्ण. १६ मीटर रुंदीच्या मैदानावर आवाजाला एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत यायला सेकंदाचा विसावा भागही लागत नाही, त्यामुळे अंतराची अडचण नाही. अडचण आहे गलक्याची. कानांनी टिपायचं म्हटलं तर भलताच 'खो' ऐकू येतो. म्हणून नजर बसलेल्याच्या पाठीवर ठेवावी आणि कान त्याच खेळाडूच्या आवाजाकडे. बसलेला खो मिळायच्या आधीच उठला, तर चूक त्याची. ज्याच्या आडव्या पाटीवरून, म्हणजे त्याच्या चौकोनातून मैदानाच्या रुंदीभर जाणाऱ्या पट्ट्यावरून, पाठलाग करणारा पुढे निघून गेला, त्याला मागे येऊन खो देता येत नाही, हेही इथेच पाहायचं.

शिट्टी नेहमी उशिरा वाजते

डोळ्यांनी पाहिल्यापासून शिट्टी वाजेपर्यंत माणसाला साधारण सेकंदाचा पाचवा भाग तरी लागतो. सेकंदाला पाच मीटर पळणारं मूल तेवढ्यात एक मीटर पुढे गेलेलं असतं. प्रेक्षकांची मान शिट्टीच्या आवाजाने वळते, तेव्हा त्यांना हात आणि पाठ यांच्यात चांगलं हातभर अंतर दिसतं. मग ओरडा सुरू होतो. पंचाने पाहिलेला क्षण त्यांनी पाहिलेलाच नसतो. हे आधी समजावून दिलं तर मुलं अशा ओरड्याने गडबडत नाहीत, आणि खेळणारी मुलंही पंचावर जरा कमी चिडतात.

शिट्टीची भाषा सगळ्यांना माहीत हवी. फाऊल झाला की चूक दुरुस्त होईपर्यंत पंच तुटक, छोट्या शिट्ट्या वाजवत राहतो. खेळ थांबत नाही, पण तेवढ्या वेळात केलेला स्पर्श ग्राह्य धरला जात नाही. गडी बाद झाला तर एकच ठसठशीत शिट्टी. याखेरीज शाळेने आपल्यापुरता एक संकेत ठरवून ठेवावा: लांबलचक शिट्टी म्हणजे सगळे आहेत तिथे उभे. ती धोक्यासाठीच वापरायची, रागासाठी नाही.

खेळाआधी मैदान

सुरक्षितता हे पंचाचं वेगळं काम नाही. ज्याला सर्वांत जास्त दिसतं आणि ज्याच्या हाती खेळ थांबवायची शिट्टी असते, त्याच्याकडेच ते येणार. म्हणून दोघा पंचांनी सामन्याआधी मैदानाची एक फेरी मारावी. खो-खोत सूर मारला जातो, त्यामुळे तळहात, कोपरं, गुडघे थेट जमिनीवर घासतात. खडे, काचा, बाटल्यांची झाकणं वेचून काढावीत. जमीन कडक असेल तर पाणी मारावं, पण चिखल होईल इतकं नाही. खांब हलवून पाहावेत: पक्के रोवलेले, गुळगुळीत, वरच्या टोकाला धार नसलेले. धावत्या मुलाचं सगळं वजन त्याच खांबावर येणार असतं.

मैदान आखायला कळीचा चुना मुळीच वापरू नये. सूर मारणाऱ्याचं तोंड जमिनीजवळ असतं आणि हा चुना डोळ्यात गेला तर डोळा भाजतो. खडूची पूड किंवा रांगोळी वापरली तरी रेषा छान उठतात.

मग खेळाडूंकडे वळावं. बांगड्या, कानातलं, घड्याळ, अंगठी काढायला लावावी. नखं पाहावीत, कारण पाठीवरचे पुष्कळ ओरखडे नखांचेच असतात, असं कुठल्याही क्रीडाशिक्षकाला विचारलं तर ते सांगतील. बसणाऱ्यांनी हात-पाय चौकोनाबाहेर पसरू नयेत. पसरले तर धावणाऱ्याची वाट अडते आणि बोटांवर पाय पडतो. अशा अडथळ्यामुळे स्पर्श झाला तर नियमानुसार गडी बाद दिला जात नाही. म्हणजे न्याय आणि सुरक्षितता इथे एकाच नियमात बांधलेले आहेत.

दोघांची टक्कर झाली, कुणी डोक्यावर पडलं, रक्त आलं, तर लांब शिट्टी, घड्याळ बंद आणि मोठ्या माणसाला हाक. डोक्याला मार लागल्यावर मूल गोंधळल्यासारखं वागलं, डोकं दुखतंय म्हणालं किंवा उलटी झाली, तर "बरं वाटतंय" असं त्याने कितीही सांगितलं तरी त्या दिवशी खेळ बंद आणि डॉक्टरांकडे. हा निर्णय विद्यार्थी पंचाच्या अंगावर टाकू नये. त्याने थांबवायचं, पुढचं शिक्षकांनी पाहायचं.

आपल्याच वर्गाला बाद देताना

मुलांना सगळ्यांत जड जातं ते हे. मित्राला बाद दिलं तर डबा खाताना बोलणं बंद, न दिलं तर दुसरी तुकडी 'चिटिंग'च्या घोषणा देणार. आणि पक्षपात नेहमी ठरवून होतो असंही नाही. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात फुटबॉलच्या ४० पात्र पंचांना एका सामन्यातले ४७ प्रसंग चित्रफितीवर दाखवले गेले, काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह, काहींना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमान संघाविरुद्ध सुमारे १५ टक्के कमी फाऊल दिले. प्रसंग तेच होते, फक्त गलका जास्त होता. प्रशिक्षित पंचांचं हे होतं, तर बारा वर्षांच्या मुलाचं काय होणार!

यावर "निःपक्षपाती राहा" असा उपदेश करून भागत नाही. मन ताब्यात ठेवायला मुलाच्या हाती एक ठरलेला क्रम द्यावा लागतो. पाहायचं, शिट्टी, हाताची खूण, गड्याचा क्रमांक, आणि मग नजर लगेच पुढच्या खेळावर. या क्रमात ओरडणाऱ्यांकडे पाहायला जागाच नाही. दुसरी गोष्ट, न दिसलेलं द्यायचं नाही. "लागलाच असणार" हा निर्णय नव्हे, तो अंदाज आहे. तिसरी गोष्ट, होता होईल तो पंच तिसऱ्याच वर्गातला असावा, आणि तसं जमत नसेल तर डावाच्या मध्यंतरात दोघा पंचांनी बाजू बदलाव्यात. प्रत्येक संघाच्या कर्णधारालाच फक्त प्रश्न विचारायची मुभा असावी, तीही डाव संपल्यावर.

पायरीपायरीने

पहिल्याच दिवशी शिट्टी देऊन मैदानात सोडलं की मूल घाबरतं आणि पुन्हा नाव काढत नाही. त्यापेक्षा चढत्या क्रमाने जावं.

पहिली पायरी मूक पंचाची. खऱ्या पंचाच्या मागोमाग धावायचं, मनात निर्णय द्यायचा आणि नंतर ताडून पाहायचा. दुसऱ्या पायरीवर एकच नियम. आज फक्त पाटीवरचे पाय, उद्या फक्त दिशा, परवा फक्त खो. एका वेळी एकच प्रश्न असल्याने नजर स्थिरावते. तिसऱ्या पायरीवर जोडी लावावी, एक थोडा मुरलेला आणि एक नवा, आणि सामना अर्ध्या वेळाचा. चौथ्या पायरीवर पूर्ण डाव आणि सरपंच म्हणून शिक्षक.

या चारही पायऱ्यांवर शिक्षकांनी एक पथ्य पाळावं: मुलाचा निर्णय सगळ्यांसमोर बदलू नये. सामना संपल्यावर बाजूला घेऊन "तू चुकलीस" म्हणण्याऐवजी "तेव्हा तू कुठे उभी होतीस?" असं विचारावं. बहुतेक वेळा मूलच उत्तर देतं: "मी मागे राहिले होते, बाई." चुकीचा निर्णय दुरुस्त करता येत नाही, उभं राहण्याची जागा मात्र पुढच्या मिनिटालाच दुरुस्त करता येते.

पंच झालेली मुलं परत खेळायला उतरतात तेव्हा फरक दिसतो. खांदा कुठवर वळवला तर चालतो, कुणाच्या पुढे गेल्यावर त्याला खो देता येत नाही, हे त्यांनी बाहेरून शंभरदा पाहिलेलं असतं, त्यामुळे त्यांचे फाऊल कमी होतात. ज्यांना ही गोडी लागते त्यांच्यासाठी पुढे खो-खो संघटनांच्या पंच परीक्षा आहेतच. पण परीक्षा न देणाऱ्या मुलालाही एक गोष्ट मिळालेली असते. कुठल्याही भांडणात "कोण खरं बोलतंय?" असं विचारण्याआधी "कोण कुठून पाहत होतं?" असं विचारायची सवय.

चौकट : विद्यार्थी पंचासाठी

• सामन्याआधी मैदानाची फेरी मारा: खडे, खांब, रेषा, नखं, दागिने.
• पाटीच्या अलीकडचं कोणाचं, पलीकडचं कोणाचं, हे जोडीदाराशी बोलून घ्या.
• पाठलागाच्या बरोबरीने धावा. हात आणि पाठ यांच्यातली फट दिसली पाहिजे.
• नजर हाताच्या आधी पोचवा. दिशेसाठी खांदे पाहा, पाटीसाठी टेकणारा पाय.
• खो म्हणजे मागून स्पर्श आणि आवाज. एक नसेल तर फाऊल.
• फाऊलला तुटक शिट्ट्या, बाद झाल्यावर एक, धोक्याला लांब.
• दिसलं नाही ते देऊ नका. दिलेल्यावर वाद घालू नका.
• कुणाला लागलं तर आधी खेळ थांबवा, मग गुण मोजा.